दुःखाच्या दिवसांत देवाची उपकारस्तुती कशी करावी?

ताई, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमच्या पत्रावरून मला समजले ते असे. वर्षभरापूर्वी तुमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची नोकरी गेली, बोलणे अजून पुरते परतलेले नाही, आणि घरात दोन शाळकरी मुले आहेत. मंडळीतली माणसे प्रेमाने भेटायला येतात आणि निघताना १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ सांगून जातात : ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ तुम्ही मनापासून प्रयत्न करता, पण ‘प्रभू, तुझे आभार’ म्हणताच आपण देवाशी खोटे बोलतोय असे तुम्हाला वाटते. तुम्ही विचारता, माझा विश्वास कमी पडतोय का? आणि जेवणाच्या प्रार्थनेला मुलगी म्हणते, ‘पप्पांना अजून बरं केलं नाही, मग थँक यू कशाला म्हणायचं?’ तेव्हा तिला काय सांगू?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. खोटे बोलल्यासारखे वाटते, कारण देवासमोर खोटे बोलायचे नाही हे तुमच्या मनात पक्के आहे. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो की देवाला अंतःकरणातले सत्य आवडते. ते सत्य राखूनही उपकारस्तुती करता येते. पाळक म्हणून आजाऱ्यांच्या खाटेशी आणि प्रेत निघालेल्या घरांत बसण्यातच माझे बरेचसे आयुष्य गेले, आणि तिथे मी पाहिले आहे की देवाचे उपकार खरेपणाने मानणारी माणसे बहुतेक वेळा आधी देवापुढे मोकळेपणी रडलेली असतात. तुम्हाला पहिली पायरी सोडून एकदम शेवटच्या पायरीवर उभे राहायला सांगितले गेले आहे, म्हणून तोल जातोय.

ज्या वचनाने तुम्हाला टोचणी लागली ते जरा त्याच्या जागी ठेवून पाहू. थेस्सलनीकाची मंडळी अगदी नवी होती, छळ सोसत होती, आणि तिच्यातले काही जण मरण पावल्याने मागचे लोक गोंधळले होते. चौथ्या अध्यायात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना ‘शोक करू नका’ असे सांगत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे सांगतो. शोक धरलेलाच आहे. पाचव्या अध्यायात ‘उपकारस्तुती करा’ येण्याच्या चारच वचने आधी तो म्हणतो की जे खचले आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. म्हणजे ज्या मंडळीला स्तुती करायला सांगितले तिलाच खचलेल्यांना धरून ठेवायलाही सांगितले. अठरावे वचन तुमच्या हातात देऊन निघून जाणाऱ्यांनी चौदावे आपल्याकडे ठेवून घ्यायला हवे होते. आणि हे पत्र सगळ्या मंडळीला लिहिलेले आहे. एका थकलेल्या बाईने एकटीने पार पाडायची ती परीक्षा नाही.

कोणी तुम्हाला इफिसकरांस ५:२० दाखवील. तिथे ‘सर्व गोष्टींबद्दल’ उपकारस्तुती करा असे आहे, आणि त्यावरून ‘या आजाराबद्दलही देवाचे आभार मान’ असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. त्याच पत्रात, त्याच अध्यायात, अंधाराच्या कर्मांत भागीदार होऊ नका, उलट ती उघडकीस आणा, असे सांगितले आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात रागाला जागा दिली आहे, फक्त रागात पाप करू नका अशी अट घातली आहे. वाइटाला वाईट म्हणणारे हे पत्र आपल्याला वाइटाचे आभार मानायला कसे लावील? पौलाच्या मनात आहे तो देव, जो कोणत्याही गोष्टीपुढे हतबल नाही, म्हणून अशी एकही जागा नाही जिथे त्याचे उपकार मानायचे दार बंद असेल. शुभवर्तमाने चाळून पाहा. येशूने एकाही रोगाबद्दल पित्याचे आभार मानले नाहीत. त्याच्याकडे आणलेल्या रोग्यांना त्याने बरे केले.

मुले, संपत्ती, आरोग्य सगळे गमावलेल्या ईयोबाचे नाव तुम्हीही पत्रात घेतले आहे. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, त्याचे नाव धन्य असो, हे त्याचे उद्गार प्रेतयात्रेत हमखास ऐकू येतात. ते पहिल्या अध्यायातले आहेत. ग्रंथाला बेचाळीस अध्याय आहेत, आणि तिसऱ्यातच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे तो देवाला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. त्याचे मित्र मात्र पूर्ण वेळ देवाची बाजू घेऊन नीटनेटके बोलतात. शेवटी, ४२:७ मध्ये, देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. हे वचन मी खचलेल्या माणसांना नेहमी वाचून दाखवतो. देवाला ईयोबाची कडवट वाक्ये सहन झाली, कारण ती त्याच्याशीच बोललेली होती.

स्तोत्रसंहितेतही तेच आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळ नाही, आभार नाहीत. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते पहिल्या शब्दापासून देवाला उद्देशून आहे. दुःखात माणूस देवाशी अबोला धरतो ते मला जास्त धोक्याचे वाटते. गाऱ्हाणे चालू आहे तोवर नाते चालू आहे, आणि उपकारस्तुती निघाली तर याच नात्यातून निघते.

म्हणून सुरुवात स्तोत्र १३ पासून करा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत ‘माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे’ अशी विनवणी आहे, आणि शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणे. एकदा एका बाळंतिणीजवळ मी बसलो होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेले तिचे बाळ काचेच्या पेटीत होते. पेटीच्या गोल भोकातून तिने हात आत घातला होता आणि बाळाने तिचे करंगळीचे टोक धरले होते. मी हे स्तोत्र हळू आवाजात वाचत होतो. चौथे वचन संपले तसा तिने मोकळा हात वर केला. ‘पुढचं नको, पाळकसाहेब. ते अजून माझं नाही.’ मी तिथेच पुस्तक मिटले आणि आमेन म्हटले. काही दिवसांनी, बाळ अजून पेटीतच असताना, तिने उरलेली दोन वचने स्वतः वाचली. डॉक्टरांनी तोवर काहीच खात्री दिलेली नव्हती.

तुम्हीही चौथ्या वचनाशी थांबू शकता. मोठ्याने वाचा, ‘कोठवर’ आले की तिथे तुमच्या घरातली गोष्ट घाला : हे बोलणे कोठवर अडखळत राहणार, फी कोठून भरायची, रात्री मी एकटीने कोठवर जागायचे. एवढे म्हणून झोपी गेलात तर ती पुरी प्रार्थना झाली.

आता स्वतः प्रभूकडे पाहू, कारण मला सगळ्यात जास्त तिथूनच शिकायला मिळाले. १ करिंथकरांस ११ मध्ये लिहिले आहे की ज्या रात्री प्रभू धरून दिला गेला त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. धरून देणारा कोण हे त्याला ठाऊक होते. थोड्याच वेळात तो गेथशेमाने बागेत जाणार होता, आणि तिथे तो म्हणाला की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर असे त्याने मागितले. आभार आणि आकांत एकाच रात्रीतले आहेत. आभार मानल्यामुळे भीती गेली नाही, आणि पुढे भीती दाटून आली म्हणून आधीचे आभार खोटे ठरले नाहीत. बहुतेक लोकांना वाटते की मनात दुःख असताना आभार मानणे म्हणजे ढोंग. तसे असते तर त्या रात्रीच्या स्मरणार्थ आपण घेतो त्या प्रभुभोजनाचा पायाच डळमळला असता.

आणि त्याने आभार कशाबद्दल मानले? हातातल्या भाकरीबद्दल. समोरच्या प्याल्याबद्दल. यहूदाच्या फितुरीबद्दल आभार मानल्याचे कोठे लिहिलेले नाही. समोर खरोखर जे होते, पित्याच्या हातून आलेले, ते उचलून त्याने त्याबद्दल आभार मानले. तुम्हाला व्यवहारात माझे सांगणे एवढेच आहे. आजाराबद्दल आभार मानू नका. आज हातात जे खरे आहे ते शोधा, कितीही लहान असो, आणि तेवढ्यापुरतेच बोला.

येशूचा मित्र लाजर मरण पावला, त्याच्या कबरेपाशीही हेच दिसते. योहान ११ मध्ये येशू आधी रडतो. मग धोंड काढली जाते, तो वर पाहून पित्याचे आभार मानतो, आणि लाजर बाहेर येतो तो त्यानंतर. आसवे सुकायची वाट त्याने पाहिली नाही.

आमच्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ होते. पत्नीला स्मृतिभ्रंश झालेला, नवऱ्यालाही ती ओळखेना. ते दर संध्याकाळी एकच वाक्य प्रार्थनेत म्हणत. ‘प्रभू, आज तिने पाण्याचा पेला स्वतः धरला, तुझे उपकार.’ ‘प्रभू, आज ती दोन तास शांत झोपली, तुझे उपकार.’ आणि काही दिवशी, ‘प्रभू, आज काही सापडलं नाही. उद्या पुन्हा येतो.’ या शेवटच्या वाक्याला मी उपकारस्तुतीच म्हणतो. त्यात खोटे काही नाही आणि येणे थांबलेले नाही. मोठमोठी विशेषणे लावून केलेल्या प्रार्थनांपेक्षा या प्रार्थनेने मला जास्त शिकवले. तुमच्या यजमानांच्या तोंडून आज एखादा शब्द स्पष्ट आला असेल तर तोच शब्द प्रार्थनेत घ्या. ‘तुझ्या अगणित आशीर्वादांबद्दल’ असे म्हणायची गरज नाही.

येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली तिची पहिली पायरी देवाचे उपकार आठवून आभार मानण्याची आहे. चांगली पद्धत आहे. मात्र जड दिवसांत क्रम उलटा करा असे मी सुचवीन : आधी दिवसाचे ओझे नाव घेऊन देवापुढे ठेवा, मग एक खरी गोष्ट शोधा. हबक्कूक संदेष्ट्याने तसेच केले. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरे, गुरे असे सगळे गेलेले एकेक करून मोजतो, आणि मग म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. नुकसान न मोजता त्याने ‘तरी’ म्हटले नाही.

हल्ली कृतज्ञतेची वही ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मज्जातंतू-स्नायूंच्या आजाराचे रुग्णही होते, आणि कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांना बरे वाटल्याचे दिसले. वही जरूर ठेवा. पण मनाला बरे वाटले नाही म्हणून ती बंद करू नका, कारण आपण ती मनाची औषधी म्हणून लिहीत नाही, पित्याला उद्देशून लिहितो.

आता एका आभारप्रदर्शनापासून सावध करतो. ‘आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत, त्या मानाने देवाचे उपकार मान,’ असे तुम्हाला सांगितले गेले असेलच. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून म्हणतो की मी इतरांसारखा नाही म्हणून, हे देवा, मी तुझे आभार मानतो. ती प्रार्थना घेऊन तो नीतिमान न ठरता घरी गेला. दुसऱ्याच्या हालांवर उभे राहून आपले समाधान शोधायची सवय लागली की त्या दुसऱ्याबद्दलची करुणा आटते. शेजारच्या खाटेवरचा माणूस तुमच्या यजमानांपेक्षा अधिक आजारी असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करा.

जुने उपकार आठवण्याविषयीही एक सांगायला हवे. ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’ हे स्तोत्र १०३ मधले वचन आपल्याला तोंडपाठ असते. पण दुःखात आठवणी आधी बोचतात. लग्नाचा दिवस, यजमानांचा खणखणीत आवाज, हे आठवले की तुम्हाला रडू येते असे तुम्ही लिहिले आहे. स्तोत्र ७७ मध्ये स्तोत्रकर्त्या आसाफाचेही तसेच झाले. देवाची आठवण झाली की तो कण्हतो, त्याला झोप लागत नाही, देव दया करायला विसरला की काय असे तो उघड विचारतो. अकराव्या वचनानंतर कुठे त्याच आठवणी त्याला आधार देऊ लागतात, आणि तेव्हा तो स्वतःच्या चांगल्या दिवसांपेक्षाही देवाने आपल्या लोकांना समुद्रातून पार नेले ते आठवतो. स्वतःच्या आठवणी फार दुखत असतील त्या काळात तुम्हीही तसेच करा. स्तोत्र १३६ घ्या. त्याच्या सव्वीसही वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद आहे. रविवारी उपासनेत ते वाचले जाईल तेव्हा तुमच्या तोंडून शब्द न फुटले तरी बसून राहा. त्या दिवशी तुमच्या वतीने मंडळी ते म्हणते आहे.

उपकारस्तुती म्हणजे सगळे निमूट सोसणे, असा एक समज फार घट्ट बसला आहे, त्याने मी अस्वस्थ होतो. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले, मध्यरात्री प्रार्थना करतात आणि देवाची स्तोत्रे गातात. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी त्यांना गुपचूप सोडून द्यायला पाहतात तेव्हा पौल नकार देतो. आम्ही रोमी नागरिक असताना चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे तो म्हणतो. रात्री स्तुती, सकाळी हक्काची मागणी, आणि दोन्ही एकाच माणसाची. तुमच्या यजमानांची देणी मालकाने अडवली आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ती मागा, लेखी मागा, लागल्यास वकील गाठा. त्याने तुमची उपकारस्तुती उणी होत नाही. आणि हे वाचणाऱ्या कोणाला घरात मारहाण होत असेल तर तिने आधी सुरक्षित जागी जावे. तिथे ‘देवाचे उपकार मान आणि सहन कर’ असे सांगणारा देवाच्या वतीने बोलत नाही.

तुमची झोप आणि भूक गेली आहे, सकाळी उठावेसे वाटत नाही, हे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेलात. मी पुढे जाणार नाही. डॉक्टरांना भेटा, या आठवड्यातच. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला कृतघ्न म्हणत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो, कारण वाट त्याला झेपणार नाही. जीव नकोसा होईल असा विचार कधी मनात आलाच तर त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका.

भेटायला येणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण ते हे वाचतील अशी आशा आहे. नीतिसूत्रे २५:२० सांगते की दुःखी मनापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेणे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढे त्यांचे बरोबर होते. ताईंकडे जाल तेव्हा यजमानांजवळ दोन तास बसा आणि ताईंना झोपू द्या. रात्री त्यांना आभार मानायला एक खरी गोष्ट मिळेल.

राहिली तुमची मुलगी. तिचा प्रश्न दाबू नका, तो ईयोबाच्या जातीचा आहे. तिला सांगा की पप्पा आजारी आहेत म्हणून आपण थँक यू म्हणत नाही. पप्पा आजारी आहेत याचे आपल्याला वाईट वाटते आणि देवालाही ते सांगायचे. जेवण समोर आहे, आपण चौघे एकत्र आहोत, त्याबद्दल थँक यू म्हणायचे. मुलांना दोन्ही वाक्ये एका प्रार्थनेत म्हणता येतात, मोठ्यांपेक्षा सहज. तिला म्हणू द्या : ‘येशू, पप्पांना अजून नीट बोलता येत नाही, मला तुझा राग आलाय. जेवणाबद्दल थँक यू. आमेन.’ मी अशा प्रार्थनेला मनापासून आमेन म्हणेन.

आणि जेवणाची प्रार्थना मोडू नका, लहान झाली तरी चालेल. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट (१५८६–१६४९) तीस वर्षांच्या युद्धात तिथेच राहिले. १६३७ च्या महामारीत त्यांनी चार हजारांहून अधिक लोकांना मूठमाती दिली, त्यांत त्यांची पत्नीही होती. आज जगभर गायले जाणारे उपकारस्तुतीचे एक गीत त्यांचे आहे, आणि मुळात ते घरातल्या जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना म्हणून लिहिलेले होते. दानीएलही, प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्याचे कळल्यावर, आपल्या खोलीत गेला आणि पूर्वीच्या परिपाठाप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकून देवाचे आभार मानत राहिला. संकट आल्यावर त्याला नवे काही शोधावे लागले नाही. तुमच्या मुलीला आज या प्रार्थनेचा अर्थ पटत नसेल, तरी ताटावर हात जोडायची सवय तिच्यापाशी राहू द्या. आणि शक्य असेल तेव्हा शेवटचे ‘आमेन’ यजमानांना म्हणू द्या. अडखळत आले, अर्धेच आले, तरी थांबा. त्यांच्या वतीने तुम्ही पुरे करू नका.

येत्या रविवारी मंडळीपुढे देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभे राहा असे तुम्हाला सांगितले आहे, आणि त्याचे दडपण आले आहे, असेही पत्रात आहे. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जो परत येऊन येशूच्या पाया पडला तो आपण शुद्ध झालो हे पाहिल्यावर आला, आणि तो स्वतःहून आला. साक्ष बोलावून घेता येत नाही. तुमच्या पाळकांना आधीच निरोप द्या की इतक्यात जमणार नाही. तरीही नाव पुकारले गेले तर उभ्या राहा, ‘आमच्या घरासाठी प्रार्थना करत राहा’ एवढे म्हणा आणि खाली बसा.